पन्हाळा आणि पन्हाळ्याचा मुलूख



11 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या 47 व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्या पंगतीत आपला पन्हाळा बसला. त्या दिवशी कोल्हापुरात साखर वाटली गेली आणि ती वाटायलाच हवी होती. पण मला आज बोलायचे आहे ते पुढचे. ही नोंद करताना प्रत्येक किल्ला कोणत्या भूमीवर उभा आहे याचा विचार झालेला आहे. कुठे डोंगर, कुठे जंगल, कुठे समुद्रातले बेट. पन्हाळ्याची गणना डोंगरी पठारावरचा किल्ला अशी झाली. म्हणजे जगाने जो मान दिला तो तटबुरुजांना दिला, आणि त्यांच्याबरोबर ज्या पठारांनी, खोऱ्यांनी आणि घाटवाटांनी त्या तटबुरुजांना अर्थ दिला त्यांनाही दिला. आपण मात्र पन्हाळा पाहायला जातो आणि तटाच्या आतच फिरून परत येतो.

कोल्हापूरपासून पन्हाळा वीस किलोमीटर. सकाळी गाडी काढायची, वाघबीळ चढायचे, नाक्यावर कर भरायचा, अंबरखाना, सज्जाकोठी, तीन दरवाजा बघायचा, झुणका-भाकर आणि मडक्यातले दही खायचे आणि दिवेलागणीला घरी. या सहलीला मी नावे ठेवत नाही. तीन दरवाज्यापाशी चुलीवर भाकरी थापणाऱ्या बायका आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या आहेत, त्यांचा संसार आपल्या येण्यावर चालतो. पण एवढे बघून पन्हाळा बघितला असे कोणी म्हणाले तर मला ते मान्य नाही.

गडाचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे, म्हणून धावतच सांगतो. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड बांधला. पुढे यादव आले, बहमनी आले. महमूद गवानने 1469 चा पावसाळा इथे काढला. मग आदिलशाही. 28 नोव्हेंबर 1659 रोजी, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, शिवाजी महाराजांनी गड घेतला. 1660 मध्ये तो आदिलशाहीला परत द्यावा लागला आणि 6 मार्च 1673 रोजी कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी रात्रीत पुन्हा जिंकला. त्या पराक्रमावर जयराम पिंड्ये यांनी पर्णालपर्वतग्रहणाख्यान नावाचे संस्कृत काव्य लिहिले आहे. 1701 मध्ये खुद्द औरंगजेब पन्हाळ्याखाली तळ ठोकून होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला भेटायला आला तो याच छावणीत. पुढे ताराबाईंच्या काळापासून 1782 पर्यंत करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्यावर होती. एवढ्या सत्ता या एका पठारासाठी का झगडल्या, हा प्रश्न तटाच्या आत उभे राहून सुटत नाही.

त्यासाठी पश्चिमेकडच्या तटावर या आणि बाहेर बघा. उत्तरेला वारणेचे खोरे आहे, दक्षिणेला कासारीचे. पश्चिमेला मसाई पठार आणि त्यापलीकडे एकामागे एक डोंगर सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत गेलेले. राजापूरसारख्या बंदरात उतरलेला माल अणुस्कुरा घाटाने किंवा आंबा घाटाने वर येऊन विजापूरकडे जायचा तो याच मुलखातून. घाटमाथा आणि देश यांच्या मधला हा उंबरठा आहे आणि पन्हाळा त्या उंबरठ्यावर बसला आहे. व्यापारी जाणार तर इथून, फौज जाणार तर इथून. म्हणून पन्हाळा ज्याच्या हाती त्याला कोकणही जवळ आणि देशही जवळ.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे लिहून ठेवले आहे ते मी या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचतो. पंतांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. गड बांधण्याआधी पाणी बघा, असे ते सांगतात, आणि एकाच झऱ्यावर विसंबून राहू नका. शेजारी गडावर मारा करता येईल असा डोंगर असेल तर तो तरी नाहीसा करा, नाही तर बांधून आपल्या ताब्यात ठेवा. या दुसऱ्या सूचनेमागे पन्हाळ्याने सोसलेला अनुभव असावा, असे मला वाटते. 1660 च्या वेढ्यात पन्हाळ्याशेजारच्या डोंगरावरूनच गडावर तोफा डागल्या गेल्या. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन वेढा घालणाऱ्या आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या मदतीला आला होता. पुढे गड हाती आल्यावर महाराजांनी त्या शेजारच्या डोंगरावर पावनगड बांधला. पन्हाळ्याला येणाऱ्या शंभर जणांतले पाच जणही पावनगडावर जात नसतील. तो जवळच आहे, तिथे वस्ती आहे, आणि पन्हाळा कशाला घाबरत होता हे तिथून उघड्या डोळ्यांनी दिसते.

आता त्या वेढ्याकडे येऊ. महाराज 2 मार्च 1660 रोजी गडावर आले आणि सिद्दी जौहरने गड वेढला. चार महिन्यांहून जास्त काळ वेढा चालला. गडावर काय होते? अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्या. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावे असे सांगतात. पाणी होते. अंधारबाव तर खास वेढ्यासाठीच बांधल्यासारखी आहे. वर तिमजली इमारत, तळाशी विहीर, मध्ये पहारेकऱ्यांना राहायला जागा. शत्रूने बाहेरचे पाणी नासवले तरी हे पाणी झाकलेले राहणार. सोबत सोमाळे तळे, सादोबाचे तळे. पण श्रोतेहो, पाणी गडावर असते, धान्य गडावर पिकत नाही. गंगा कोठीत पडलेला दाणा न् दाणा वारणेच्या आणि कासारीच्या शिवारातून, माणसांच्या डोक्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून वर चढलेला आहे. कोठीच्या जाड भिंती बघताना माझ्या मनात तो चढ येतो.

नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यासोबत सिद्दी हिलाल होता. त्याचा मुलगा वाहवाह या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. हे नाव आपल्या भाषणांत फारसे येत नाही, ते आले पाहिजे.

मग आषाढी पौर्णिमेची ती रात्र. पाऊस कोसळत होता आणि तहाची बोलणी लावल्यामुळे वेढ्यातल्या चौक्या सैलावल्या होत्या. महाराज राजदिंडीच्या वाटेने निघाले. बरोबर बांदलांचे सहाशे मावळे आणि बाजीप्रभू देशपांडे. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेतलेले शिवा काशीद, गडाखालच्या नेबापूरचे, जातीने नाभिक. ते पकडले गेले आणि मारले गेले. मागे सिद्दी मसूदची फौज लागली. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी तीनशे माणसांनिशी खिंड अडवली आणि महाराज विशाळगडाकडे गेले. विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता, तो फोडून वर जावे लागले. बाजी आणि फुलाजी हे दोघे भाऊ खिंडीत पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली.

ही कथा सांगताना आपण एका गोष्टीवरून घाईने पुढे जातो. त्या रात्री वाट कोणती धरली आणि ती का धरली? खाली कासारीच्या खोऱ्यात जुलैमध्ये भाताची खाचरे तुंबलेली असतात, गुडघाभर चिखल. घोडदळाला सोयीची वाट तिथे राहत नाही आणि पायदळाचीही गती मरते. वर मसाई पठार आहे, जांभ्या दगडाचा उघडा सडा. पाणी साचते, पण पायाखाली कातळ असतो. धुके असे की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा रात्री त्या सड्यावरून सहाशे माणसे पालखी घेऊन न चुकता पार करायची, तर पावलापावलाची जमीन ओळखणारे लोक हवेत. कोणत्या धारेवरून उतरायचे, कुठल्या ओढ्याला त्या घटकेला उतार असेल, कुठल्या वाडीची कुत्री भुंकतील. हे ज्ञान नकाशात नव्हते, गुराख्यांच्या आणि धनगरांच्या पायांत होते. कागदोपत्री त्यांची नावे आली नाहीत. पण माझी खात्री आहे की ती रात्र या मुलखातल्या माणसांच्या माहितीवर पार पडली. शिवा काशीद हे त्या सगळ्यांमधले आपल्याला ठाऊक असलेले एक नाव.

मसाई पठारानंतर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागत लागत वाट पांढरपाण्याकडे आणि तिथून पावनखिंडीकडे जाते. जुलैमध्ये या वाटेवर हजारो तरुण चालतात. भगवे झेंडे, घोषणा, पाऊस. वाडीतली शाळा, देऊळ, घराची पडवी रात्रीच्या मुक्कामाला मोकळी केली जाते, ओल्या कपड्यांसाठी चुली पेटवल्या जातात. मी या मोहिमांचा चाहता आहे. पण पहाटे माणसे गेल्यावर वाडीत मागे काय उरते तेही मी पाहिले आहे. प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टने, ओढ्यात फेकलेल्या पत्रावळ्या. ज्यांनी आपल्याला पडवी दिली त्यांना आपण कचरा दिला. नाचणी आणि भातावर जगणाऱ्या, पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीतून खाली आणावे लागणाऱ्या या वस्त्यांचे नाव मोहिमेच्या फलकावर नसते, मुक्काम क्रमांक एक असे असते. मोहीम काढणाऱ्या मंडळांना मी हात जोडून सांगतो, त्या वाडीचे नाव लिहा. तिथल्या बचतगटाकडून जेवण विकत घ्या, फुकट घेऊ नका. आणि नेलेला कचरा परत आणा.

मसाई पठारासाठी आणखी एक विनंती. शासनाने ते संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले आहे. पावसाळा सरत आला की या कातळावर बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, तेरडा फुलतात. कीटक खाणारी दवबिंदूसारखी वनस्पती इथे तग धरते, कारण इतरांना जगता येत नाही इतकी माती गरीब आहे. त्या बोटभर मातीवरून एकदा गाडीचे चाक गेले की ती पावसात धुऊन जाते आणि आपल्या हयातीत परत येत नाही. गाड्या पठाराखाली ठेवाव्यात आणि वर पायी जावे. महाराज ज्या भूमीवरून गेले तिच्यावर गाड्यांच्या शर्यती करण्याइतके आपण निबर होऊ नये.

या वाटेच्या शेवटाला आणखी एक सत्य आहे आणि ते बोलल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही. पावनखिंडीजवळचे गजापूर हे त्या मुलखातले गाव. 14 जुलै 2024 रोजी विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी जमावाने गजापुरात घरांची, वाहनांची आणि मशिदीची नासधूस केली. गडावरच्या अतिक्रमणाचा प्रश्न कायद्याने सोडवायचा आहे. पण गजापूरच्या घरांचा त्याच्याशी काय संबंध होता? बाजीप्रभूंच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, त्यांचे रक्त सांडले त्या भूमीवरच्या गरिबांच्या चुली मोडणे हा त्या स्मृतीचा अपमान होता. ज्या वेढ्यातून महाराज सुटले तो फोडण्यासाठी सिद्दी हिलाल लढला होता हे मी मघाशी यासाठीच सांगितले.

आता 1844 कडे वळतो, कारण माझे म्हणणे त्या साली सर्वांत स्पष्ट दिसते. गडावर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या शिबंदीला आपण गडकरी म्हणतो. या गडकऱ्यांना गडाखालच्या गावांत वंशपरंपरेने जमिनी होत्या. गड राखायचा आणि त्या जमिनीवर कुटुंब पोसायचे, अशी ही व्यवस्था होती. इंग्रजांनी कोल्हापूर दरबारावर नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी या जमिनींच्या कारभारात हात घातला, गडकऱ्यांचे जुने हक्क काढून त्या मामलेदारांकडे दिल्या. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर पहिला भडका उडाला. मग भुदरगड, मग पन्हाळा. बंडवाल्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यालाच पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. अखेर डिसेंबर 1844 च्या आरंभी इंग्रज फौजेने तोफांनी तट फोडून पन्हाळा घेतला. बंडाचे पुढारी बाबाजी अहिरेकर तिथे पडले. त्यानंतर चार दरवाजा पाडून टाकला गेला. आज आपली गाडी जिथून आत शिरते तिथे हा भव्य दरवाजा होता, याची आठवण गाडीतल्या मुलांना द्या.

सिद्दी जौहरला चार महिने दाद न देणारा गड 1844 मध्ये पडला, त्यात तोफांचा वाटा मोठाच आहे. पण गड पडण्याची सुरुवात कारभाऱ्याच्या दप्तरात झाली होती. गडाखालची जमीन आणि गडावरचा माणूस यांचे नाते तिथे तुटले. ते तुटल्यावर तट नुसता दगडांचा उरला. इंग्रजांना हे नीट कळले होते. म्हणूनच त्यांनी आधी जमिनी घेतल्या आणि नंतर दरवाजे पाडले.

इतिहास घडलेली भूमी राखण्यासाठी जगात इतरांनी काय केले ते थोडे सांगतो. 1863 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई झाली. 1895 मध्ये ते रणांगण राष्ट्रीय लष्करी उद्यान झाले. तिथे पुतळे आहेत, तोफा आहेत. पण त्याहून मोठे काम त्यांनी शेतांचे केले. लढाईच्या वेळी जिथे फळबाग होती तिथे ती पुन्हा लावली, जिथे उघडे शेत होते तिथे नंतर वाढलेली झाडी काढली, शेतकऱ्यांची कुंपणे जुन्या पद्धतीने उभी केली. सैनिकाला त्या दिवशी काय दिसत होते ते पाहणाऱ्याला दिसावे म्हणून. बेल्जियमने 1914 मध्ये कायदा करून वॉटर्लूचे रणांगण सांभाळले. तिथे आजही शेतकरी नांगर चालवतात आणि बांधकामाला मात्र आळा आहे. शेती चालू ठेवून इतिहास राखता येतो, याचा हा शंभर वर्षांहून जुना पुरावा आहे.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे आणि ती खरी आहे. पन्हाळा हा जिवंत गाव आहे. तटाच्या आत नगरपरिषद आहे, साधारण तीन हजार माणसे राहतात, मुले शाळेत जातात. कवी मोरोपंत 1729 मध्ये जन्मले ते याच गावात. वारसा यादीची चर्चा सुरू झाली तेव्हा रहिवाशांनी भीती बोलून दाखवली. घर दुरुस्त करता येईल का, दुकान राहील का, आपल्याला उठवतील का? ही भीती खोटी ठरवून चालणार नाही. तिला लेखी आणि मराठीत उत्तर मिळाले पाहिजे. गडाच्या माणसांना गडाविरुद्ध उभे करण्याचा परिणाम काय होतो तो आपण 1844 मध्ये बघितला आहे. दुसरीकडे डोंगराचेही ऐकले पाहिजे. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गड कित्येक दिवस वाहनांना बंद राहिला. या डोंगरावर आणखी किती काँक्रीट चढवायचे, याचा विचार त्या पावसाने आपल्याला करायला लावला आहे.

मला यातून एकच वाट दिसते. गडावर गर्दी आणि हॉटेले वाढवण्यापेक्षा पाहुण्याला खालच्या गावांत आणा. नेबापूर, म्हाळुंगे, मसाईच्या वाड्या, पांढरपाणी, गजापूर. घरात राहण्याची सोय, स्वच्छ संडास, वाट दाखवणारा गावचाच माणूस आणि त्याला ठरलेला मेहनताना. पर्यटनासाठी येणाऱ्या निधीतला ठरावीक वाटा या ग्रामपंचायतींना मिळावा, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो. गडाचा मान वाढला आणि गडाखालची पोरे पोटासाठी पुण्याला गेली, तर तो मान कोणाचा?

आणि आपण कोल्हापूरकरांनी तर हे ऋण मानावे. पावनखिंडीच्या परिसरात, गजापूरच्या डोंगरात कासारी उगम पावते. ती पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या मुलखातून वाहत येते आणि प्रयाग चिखलीला भोगावतीला मिळते. कुंभी, तुळशी, भोगावती आणि कासारी मिळून आपली पंचगंगा होते. पंचगंगेकाठी वाढलेल्या प्रत्येकाच्या रक्तात त्या खिंडीचे पाणी आहे. पन्हाळ्याच्या मुलखाशी आपले नाते सहलीपुरते नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी मुलांना पन्हाळ्याला पायी नेत असत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. या सभागृहात पुष्कळ शिक्षक बसले आहेत. त्यांना माझे सांगणे आहे. शाळेची पुढची सहल तीन दरवाज्यावर गाडी लावून करू नका. मुलांना नेबापुरात उतरवा. शिवा काशीदांचे गाव दाखवा, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलू द्या, मग गड चढा. मोठ्या मुलांना एक रात्र मसाईजवळच्या वाडीत मुक्कामाला न्या आणि जेवणाचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात द्या. परवानगीचे आणि सुरक्षिततेचे नियम पाळून हे सहज होण्यासारखे आहे. त्याला शासनाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही, येत्या हिवाळ्यातच सुरुवात करा.